पालथा हात, उताणा हात

"पीठ गार झालं की सोऱ्या फिरत नाही, आपणच फिरतो."

पुण्यातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर ऐकलेलं हे वाक्य. दिवाळीला तीन आठवडे होते. सकाळपासून आठ बायका चकल्या पाडत बसल्या होत्या. एक जण भाजणीची उकड काढत होती, दोघी मळत होत्या, दोघी कढईपाशी होत्या आणि तिघींच्या हातात सोऱ्या. वाक्य ज्यांचं, त्या मावशी सोऱ्यावर होत्या. उजव्या कोपराच्या जरा खाली त्यांनी निळा पट्टा आवळला होता आणि पिठाचा हात लागून लागून तो पांढरा पडला होता.

मी तिथे गेले होते फराळावर लिहायला. सहज विचारलं, "हात नाही का दुखत?" मग फराळ राहिला बाजूला. एकीच्या कोपरात कळ येत होती. एकीला रात्री मुंग्या येऊन जाग येत होती. तिसरीचा हात मागे जात नव्हता, "ब्लाउजचं हूक लेकीला लावायला सांगते," म्हणाली. चौथीला मानेतून थेट अंगठ्यापर्यंत चमक मारत होती. चौघींनी डॉक्टरकडे जाऊन सांगितलं होतं ते मात्र एकच: हात दुखतो.

खरं तर चौघींची दुखणी चार निराळी होती, आणि ती निराळी आहेत हे त्यांच्या शब्दांतच होतं. कळ, चमक, ठणका, मुंग्या, बधिरपणा, आखडणं, भरून येणं. दुखण्यासाठी इतके शब्द घरात असताना दवाखान्याच्या दारात आपण ते चपलांबरोबर काढून ठेवतो.

हे मला नीट कळलं ते एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे. त्यांच्या दवाखान्यात मी दोन दुपारी एका कोपऱ्यात बसून होते. पन्नाशीच्या एक काकू आल्या. काम काय करता, तर उत्तर आलं, "काही नाही, घरीच असते." बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काकू, पोळ्या किती होतात रोजच्या?"

"वीस-बावीस. डब्याच्या धरून."

"धुणं?"

"मशीन आहे की. पण चादरी आणि ह्यांचे शर्ट हातानेच पिळते."

बाईंनी "घरीच असते" खोडून काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण बऱ्याच ओळी लिहिल्या. त्या रात्री मी घरी मोजून पाहिलं. एका पोळीला माझं लाटणं साधारण अठरा वेळा फिरतं. वीस पोळ्यांचे झाले तीनशे साठ. एखाद्या फलंदाजाला सरावात इतके फटके मारायला लावले तर त्याचा प्रशिक्षक काळजीत पडेल.

फलंदाजाचा विषय आपोआप निघाला नाही. कोपरातल्या अशा कळेसाठीचा टेनिस एल्बो हा शब्द मराठी घरांत आला तोच एका फलंदाजाच्या हातातून. 2004 साली सचिन तेंडुलकरचं कोपर दुखायला लागलं आणि ज्यांनी आयुष्यात टेनिसची रॅकेट पाहिली नव्हती ते लोक नाक्यावर टेनिस एल्बोची चर्चा करू लागले. मे 2005 मध्ये लंडनला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तो परतला आणि 93 धावा काढल्या. गोष्ट सुखान्त झाली, पण तिच्यातून लोकांनी एक धडा घेतला: कोपर दुखलं की शेवटी कापावंच लागतं. तो धडा चुकीचा होता. जगातल्या सगळ्यांत व्यग्र मनगटांपैकी एकाचा न्याय आपल्या मनगटाला लावण्याचं कारण नाही.

मुळात या दुखण्याचा टेनिसशी संबंध बेताचाच आहे. ज्यांना ते होतं त्यांतले बहुतेक जण टेनिस खेळत नाहीत. साधारण पस्तिशी ते पंचावन्न हे त्याचं वय, आणि प्रौढांत शंभरातल्या एक ते तीन जणांना ते असतं. 1873 मध्ये जर्मनीत रुंगं नावाच्या डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, तेही लिहिणाऱ्यांच्या हाताच्या संदर्भात. 1882 मध्ये इंग्लंडात हेन्री मॉरिस यांनी 'लॉन टेनिस आर्म' म्हटलं आणि नाव खेळाडूंकडे गेलं ते गेलंच. लेखकांचा हक्क नऊ वर्षांनी जुना आहे, हे मी इथे नोंदवून ठेवते.

होतं काय, ते समजून घेण्यासारखं आहे. हात टेबलावर पालथा ठेवा आणि घट्ट मूठ आवळा. बोटं आत ओढणारे स्नायू मनगटालाही आत ओढू पाहतात. मनगट मात्र सरळ राहतं, कारण हाताच्या वरच्या बाजूचे स्नायू त्याला मागून धरून ठेवतात. म्हणजे पकड जितकी घट्ट, तितकं वरच्या स्नायूंचं काम जास्त. त्यांतले बरेचसे स्नायू कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर, नखाएवढ्या जागेत येऊन चिकटतात. सोऱ्या पिळणं, चादर पिळणं, कणीक तिंबणं, स्क्रू ड्रायव्हर, थापी, मोटरसायकलची मूठ, या सगळ्यांचा भार अखेर त्या नखाएवढ्या जागेवर येतो. त्यातल्या त्यात एका स्नायूवर, ज्याचं नाव त्याच्यापेक्षा लांब आहे: एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस.

अनेक वर्षं समजूत अशी होती की तिथे सूज येते, दाह होतो. 1979 मध्ये अमेरिकेत निर्शल आणि पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेला तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. होते ते विस्कटलेले तंतू. सुंभाचा पीळ सुटावा तसे. शरीराने दुरुस्ती सुरू केलेली, पण अर्धवट सोडलेली. या एका निरीक्षणाने उपचारांचा विचार बदलायला हवा होता. सूजच नसेल तर सूज उतरवणारी सुई कशासाठी?

पण सुई लोकप्रिय राहिली, आणि का राहिली हे मी स्वतःच्या कोपरावरून सांगू शकते.

चार वर्षांपूर्वी घर बदलताना पुस्तकांची खोकी उचलली आणि महिन्याभरात चहाचा कप उचलताना कळ यायला लागली. नवरात्रात एका दवाखान्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. दिवाळीपर्यंत हात इतका मोकळा झाला की मी डॉक्टरांना फराळाचा डबा नेऊन दिला. संक्रांतीला तिळाची वडी थापताना कळ परत आली, आणि आधीपेक्षा जोरात. पुन्हा इंजेक्शन घेऊ म्हणाले. हे इतकं ठरल्यासारखं घडतं याची कल्पना मला कुणी दिली नव्हती.

कल्पना असायला हरकत नव्हती. 2002 मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. टेनिस एल्बोच्या 185 रुग्णांचे तीन गट केले: एकाला इंजेक्शन, एकाला फिजिओथेरपी, आणि एकाला फक्त धीर, सल्ला, गरज पडली तर साधी वेदनाशामक गोळी. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले 92 टक्के बरे; फिजिओवाले 47, नुसते थांबलेले 32. इथे अभ्यास थांबवला असता तर सुईचा विजय झाला असता. पण त्यांनी वर्षभर वाट पाहिली. वर्षाने फिजिओवाले 91 टक्के बरे होते, काहीच न करणारे 83, आणि इंजेक्शनवाले 69. पुढे 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या अभ्यासातही तेच दिसलं: सुईने आधी बरे वाटलेल्यांपैकी 72 टक्क्यांचं दुखणं उलटलं.

मला त्यातला 83 चा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फारसं काही न करता बसलेली बहुतेक माणसं वर्षात बरी झाली. हे दुखणं बहुधा आपल्या पायाने जातं, मात्र त्याची चाल बैलगाडीची. आपल्याला ती सोसत नाही. मग आपण पट्टा, लेप, सुई, स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन असं एकेक करत राहतो आणि शेवटचं जे केलं असेल त्याला श्रेय देतो. त्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनचा ताळा 2021 मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात घेतला गेला, आणि टेनिस एल्बोत त्याचा उपयोग बहुधा होत नाही असा निष्कर्ष निघाला. खर्च मात्र होतो.

शस्त्रक्रियेचं काय? 2018 मध्ये सिडनीहून एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध झाला. काही रुग्णांचा विस्कटलेला भाग कापून काढला. काहींची नुसती त्वचा उघडून, आतलं पाहून, टाके घातले. कुणाचं काय केलं ते रुग्णाला सांगितलं नाही. दोन्ही गट सारखेच सुधारले. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. तरी कापून घेण्याआधी ऐकून ठेवावा असा शब्द नक्की आहे.

मग करायचं काय? फिजिओ बाईंनी काकूंना दिलेली पहिली सूचना व्यायामाची नव्हतीच. टेबलावर पाण्याची भरलेली बाटली ठेवून त्या म्हणाल्या, "उचला." काकूंनी वरून पकडून उचलली आणि तोंड वाकडं केलं. "आता तळहात वर करून, कोपर अंगाजवळ ठेवून, खालून उचला." काकूंनी उचलली आणि बाटलीकडे बघत राहिल्या. पालथ्या हाताने उचललेलं ओझं त्या नखाएवढ्या जागेवर येतं. उताण्या हाताने उचललं की दंडाचा मोठा स्नायू ते घेतो. दुधाचं पातेलं, भाजीची पिशवी, लॅपटॉप, नातवंड, सगळ्याला हाच नियम. मला हे संक्रांतीनंतर कळलं. नवरात्रात कळलं असतं तर एक सुई वाचली असती.

व्यायाम त्यानंतर. खुर्चीत बसून हात टेबलावर पालथा, मनगट कडेच्या बाहेर, हातात अर्ध्या लिटरची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर आणायचं आणि दुखऱ्या हाताने ते चार-पाच अंक मोजत सावकाश खाली सोडायचं. दहा-पंधरा वेळा, मध्ये विसावा घेऊन तीन खेपा. विस्कटलेल्या तंतूंना पुन्हा पीळ बसायचा तर त्यांच्यावर ताण यायला हवा, आणि तो मापात यायला हवा. थोडं दुखलं तर चालतं: दहापैकी तीन-चार. त्याहून जास्त दुखलं, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली असली, तर बाटलीतलं पाणी कमी करायचं. हे दोन-तीन महिने करायचं असतं. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि तिसऱ्यात माणूस म्हणतो, काही फरक नाही. बाईंच्या मते निम्मे रुग्ण त्यांना तिथेच सोडून जातात.

"हाताला आराम द्या" हा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. गळ्यात झोळी बांधून हात महिनाभर ठेवला तर स्नायू आणखी दुबळा होतो, आणि झोळी काढल्यावर तीच चादर त्याला दुप्पट जड लागते. काम बंद करायचं नसतं, त्याची वाटणी बदलायची असते. कोपराखालच्या पट्ट्याने काम करताना काहींना बरं वाटतं; वाटत असेल तर बांधावा, पण त्याने दुखणं बरं होत नाही.

हात मागे न जाणाऱ्या बाईची गोष्ट निराळी. खांदा आखडणं, म्हणजे फ्रोझन शोल्डर. हे नाव 1934 मध्ये बोस्टनच्या कॉडमन यांनी दिलं. खांद्याच्या सांध्याभोवतीची पिशवी जाड होऊन आवळत जाते. आधी काही महिने नुसतं दुखतं, रात्री जास्त. मग दुखणं कमी होतं पण खांदा कुलूप लावल्यासारखा. मग हळूहळू कुलूप उघडतं. सगळ्याला एक ते तीन वर्षं. सर्वसाधारण लोकांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना हे होतं; मधुमेह असलेल्यांत दहा ते वीस जणांना. भारतात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असं आयसीएमआरच्या 2023 मधल्या पाहणीने सांगितलं. तेव्हा खांदा विनाकारण आखडला तर आधी साखर तपासून घ्यावी. वाड्यातल्या त्या बाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "साखर आहे की, सहा वर्षं झाली." दोन्हींचा संबंध त्यांना कुणी सांगितला नव्हता.

इथे स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र कामाचं आहे, विशेषतः सुरुवातीच्या दुखऱ्या महिन्यांत. मधुमेहींनी त्यानंतर काही दिवस साखरेवर लक्ष ठेवायचं. कोपरात पश्चात्ताप देणारं औषध खांद्यात उपयोगी पडतं, म्हणून "स्टेरॉइड वाईट" अशी सरसकट पाटी लावता येत नाही. ब्रिटनमधल्या 35 रुग्णालयांत 503 रुग्णांवर एक चाचणी झाली, 2020 मध्ये ती प्रसिद्ध झाली. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा फिरवणं आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, अशा तीन वाटा. वर्षाअखेर रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक तिन्हींत निघाला नाही. घरी करायचं ते साधं: ओणवं होऊन हात लोंबकळता सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवणं, भिंतीवर बोटं चढवत नेणं, आधी शेक घेऊन. खांदा ठणकत असताना कुणी तेल लावून जोराने हात मागे ओढत असेल, तर त्याला तेलावरच थांबवावं.

मानेतून अंगठ्यापर्यंत चमक जाते तेव्हा दुखतो हात, पण तक्रार मानेची असते. मानेच्या मणक्यांमधून निघणारी शीर दाबली किंवा चिडली की ती आपल्या वाटेवर सगळीकडे ओरडते. यातल्या काहींना हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. तशी खूण दिसली तर डॉक्टरांना जरूर सांगावी. आपल्याकडे या टप्प्यावर एमआरआय होतो, अहवालात 'डिस्क बल्ज' येतं आणि घरात सुतक पडतं. जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या 1211 जणांचा एमआरआय केला, तो अभ्यास 2015 मध्ये आला. 87.6 टक्के लोकांत डिस्क बाहेर आलेली होती. केस पिकतात तशी चकतीही पिकते. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर भागात मानेच्या शिरेचा त्रास झालेल्या 561 जणांचा मागोवा घेतला, त्यांतल्या साधारण सव्वीस टक्क्यांना शस्त्रक्रिया लागली. अखेरच्या तपासणीत नव्वद टक्के लोक पूर्ण बरे किंवा किरकोळ त्रास असलेले होते.

रात्रीच्या मुंग्यांबद्दल थोडक्यात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या, हात झटकला की बरं वाटतं, म्हणजे मनगटातल्या बोगद्यात शीर दाबली जाते आहे. झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी हा पहिला उपचार, आणि तो सहा-आठ आठवडे नेमाने करावा. गरोदरपणात हे अनेकदा दिसतं आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा जातं. थायरॉइड मंद असेल तरी होतं. पण अंगठ्याच्या बुडाची गादी खपाटीला जाऊ लागली असेल तर पट्टीवर वेळ काढू नये. तिथे शस्त्रक्रिया हाच योग्य उपचार, आणि उशीर केला तर गेलेला स्नायू परत येत नाही.

शस्त्रक्रियेच्या विरोधात मी नाही. पडून-आपटून खांद्याचा स्नायू तुटला आणि हात वर होईनासा झाला, हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत चालली, शर्टाची बटणं लावता येईनात आणि चालताना तोल जायला लागला, तर घरगुती व्यायाम करत बसणं हा गुन्हा आहे. आणि डाव्या हातात किंवा दोन्ही हातांत कळ, छातीवर दडपण, घाम, किंवा चढ चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ असेल, तर हा लेख मिटून आधी हृदय तपासायला जा. हात अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर मिनिटं मोजायची असतात. "गॅस असेल" म्हणून घालवलेल्या रात्री प्रत्येक कुटुंबात एखादी तरी आहे.

यंदा दसऱ्यानंतर मी पुन्हा त्या वाड्यात गेले. मावशी सोऱ्यावरच होत्या, पट्टा नव्हता. काय काय बदललं ते त्यांनी एका दमात सांगितलं. उकड जरा सैल काढतात आणि एकदम सगळी न मळता थोडी थोडी मळतात, म्हणजे पीठ गार व्हायच्या आत संपतं. तिघी अर्ध्या-अर्ध्या तासाने जागा बदलतात: सोऱ्यावरची कढईपाशी, कढईपाशीची मळायला. एक दांड्याचं यंत्र आणलं आहे, ते पिळावं लागत नाही, दाबावं लागतं. रात्री जेवणं झाल्यावर बाटलीचा व्यायाम. "तीन महिने केला बाई. नातू मोजायचा."

हूक न लावता येणाऱ्या बाईंचा हात आता कमरेपर्यंत मागे जातो, त्याच्या वर अजून नाही. रात्री मुंग्या येणारीला पट्टी मिळाली आहे, पण ती घालून झोप येत नाही म्हणून उशाशी पडून असते. चमक मारणारी यंदा आलीच नव्हती. ती आता दुसरीकडे पोळ्या लाटते, असं कळलं.

निघताना मी एक सोऱ्या भरून पाहिला. आठ चकल्या पाडल्या आणि माझं जुनं कोपर कुरकुरलं. ताटातल्या चकल्या तुम्ही मोजून खात नसाल, पण यंदा त्या कुणी पाडल्या ते विचारा, आणि पुढचा घाणा तुम्ही पाडा.